मूळ गाडी कोणती?

१९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात एक खटला चालला. वाद पैशाचा होता, पण तो सोडवण्यासाठी न्यायमूर्ती ऑटन यांना जे ठरवावे लागले ते एरवी तत्त्वज्ञानाच्या वर्गात चर्चिले जाते : समोर उभी असलेली ही मोटार ‘ती’च आहे का? गाडी बेंटली कंपनीची, मोटारवेड्यांच्या जगात ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी. साडेसहा लिटर इंजिनाच्या या ‘स्पीड सिक्स’ने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधल्या ले माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. चालक जोडीने असत. दोन्ही वर्षी त्या जोडीत कंपनीचा धनाढ्य अध्यक्ष वूल्फ बार्नाटो होता. साठ वर्षांनी तेव्हाच्या मालकाने ती सुमारे १ कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. घेणाऱ्या कंपनीने पुढे हात आखडते घेतले आणि म्हटले, ही ती गाडीच नव्हे.

हे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नव्हते. शर्यतीची गाडी एक शर्यत संपली की कारखान्यात खोलली जाते. झिजलेले बदलतात, कमी पडलेले सुधारतात. म्हणजे १९३०ला जिंकलेली गाडीसुद्धा तंतोतंत १९२९ची नव्हती. १९३१मध्ये बेंटली कंपनी बुडाली, रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. ही गाडी मात्र धावत राहिली. तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसले. १९३२मध्ये ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत क्लाइव्ह डनफी ती चालवत होता. ब्रुकलँड्सची वळणे भिंतीसारखी चढवलेली होती. त्या चढाच्या वरच्या कडेवरून गाडी बाहेर गेली आणि डनफी जागीच मरण पावला. नंतर गाडी पुन्हा बांधली गेली, या वेळी बंद टपाची कूपे म्हणून. पुढेही तिच्यात बदल होतच राहिले.

न्यायालयाने एकेका सुट्या भागाचा पुरावा तपासला. निष्कर्ष विक्रेत्याला धडकी भरवणारा होता. १९२९च्या गाडीतले जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. १९३०च्या गाडीतला पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच सापडले. अपघाताच्या वेळची चासी आणि इंजिन मात्र बव्हंशी शिल्लक होते. एवढे सगळे नोंदवूनही न्यायमूर्तींनी निकाल दिला की हीच ओल्ड नंबर वन. ही गाडी मोडीत निघून तिच्या जागी दुसरी आली, असा क्षण तिच्या आयुष्यात कधी आलाच नाही. कुणी इकडूनतिकडून भाग जमवून, मधली कित्येक वर्षे ओलांडून तिला नव्याने जन्माला घातलेले नाही. ती नक्कलही नाही. ती एका अखंड साखळीने इथवर आलेली आहे. घेणाऱ्याला करार पाळावा लागला.

हा वकिली कावा आहे, असे आजही कित्येकांना वाटते. मला तो निकाल मोटारींविषयी आजवर लिहिल्या गेलेल्या शहाण्या मजकुरांपैकी एक वाटतो. कारण या छंदातला जो सगळ्यांत जुना तंटा आहे, जपणारे विरुद्ध बदलणारे, त्याच्या मुळाशीच तो हात घालतो. जपणारे लोक स्क्रूच्या खाचेची दिशासुद्धा कारखान्यातल्यासारखी ठेवतात. बदलणारे लोक जुन्या पत्र्याखाली मोठे इंजिन, नवे ब्रेक, रुंद चाके घालतात. पहिल्यांना दुसरे रानटी वाटतात, दुसऱ्यांना पहिले मड्याला अत्तर लावणारे.

इतिहासात ही भिंत सापडत नाही. १९३०च्या दशकापर्यंत महागडी गाडी म्हणजे मुळात चासी, इंजिन आणि पुढचे रेडिएटर एवढेच विकत मिळे. बॉडी घेणाऱ्याने आपल्या पसंतीच्या बांधणाऱ्याकडून करून घ्यायची. एकाच चासीवर उन्हाळ्यात उघडी आणि हिवाळ्यात बंद बॉडी चढवणारे शौकीनही होते. स्वस्त गाड्यांची कथा याहून गमतीची. हर्बर्ट ऑस्टिनने १९२२मध्ये ‘ऑस्टिन सेव्हन’ काढली. तिचा आराखडा करायला त्याच्या हाताशी होता स्टॅन्ली एज नावाचा अठरा वर्षांचा पोरगा. १९३९पर्यंत या चिमुकल्या गाड्या २,९०,०००च्या आसपास बनल्या. जर्मनीतली ‘डिक्सी’ ही तिचीच परवान्याखाली बनवलेली आवृत्ती. डिक्सीचा कारखाना घेऊनच बीएमडब्ल्यू मोटारींच्या धंद्यात उतरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई, नव्या गाड्या निर्यातीसाठी राखीव, पेट्रोलवर मे १९५०पर्यंत रेशन. मोडकळीला आलेल्या ऑस्टिन सेव्हन मात्र गल्लोगल्ली. तरुणांनी त्यांच्या बॉडी काढून फेकल्या आणि ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा प्लायवूड ठोकून आपापली शर्यतीची गाडी बनवली. अशा गाडीला ‘स्पेशल’ म्हणत. १९४८मध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या विद्यार्थ्याने प्रेयसीच्या घरामागच्या गॅरेजात एका ऑस्टिन सेव्हनची अशीच चिरफाड केली. ती पहिली लोटस. न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लारेनने शर्यतीचे पहिले धडे गिरवले तेही ऑस्टिन सेव्हनवरच. फॉर्म्युला वनमधली दोन मोठी घराणी अशी एकाच फुटकळ गाडीच्या पोटातून निघाली.

आता पेच असा, की प्रत्येक स्पेशलमागे एक चांगली सलून मेली. आणि त्या स्पेशल आज स्वतःच सत्तर-पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. एखाद्याच्या हाती अशी स्पेशल लागली, तर त्याने काय करावे? खालची चासी १९३०ची आहे म्हणून वरचा प्लायवूड फोडून पुन्हा कारखान्याची सलून उभी करावी, की १९५०च्या त्या अनाम पोराचे काम जपावे? दोन्ही एकत्र ठेवता येत नाहीत. माझा कौल त्या पोराला आहे. कारखान्याने एकसारख्या लाखो गाड्या केल्या, त्याने एकच केली.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी परिचय असलेल्या वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धे शतक खपून हजाराहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली आणि संहिता सिद्ध केली. पण जे श्लोक संहितेतून वगळले ते टाकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत त्यांना घर दिले. प्रक्षिप्त ठरलेला श्लोकही कुणीतरी शतकानुशतके गायला होता, याची ती कबुली. मोटार दुरुस्त करणाऱ्याची अडचण अशी, की पत्र्याला तळटीप नसते. एक पाठ स्वीकारला की दुसरा भंगारात जातो. म्हणून जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची २०१३ची ट्युरिन सनद मला महत्त्वाची वाटते. ती जुन्या वास्तूंसाठीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेवर बेतलेली आहे. जीर्णोद्धार म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाकडे परत नेणे असे ती मानत नाही, आणि केलेल्या कामाची नोंद ठेवायला सांगते. वहीतली नोंद हीच तळटीप.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. इथे गाड्या बदलल्या गेल्या त्या हौसेपेक्षा नाइलाजाने. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली, सुटे भाग मिळेनासे झाले. १९७१मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि राजवाड्यांतल्या अनेक गाड्यांना पोसणारा उरला नाही. अशी एखादी अमेरिकी गाडी पेट्रोल पिऊन मालकाला बुडवू लागली की तिच्यात पर्किन्सचे किंवा मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसे. बुश लेथवर घडत, वाकलेला मडगार्ड मिस्त्री हातोडीने ठोकून सरळ करी, उरलेसुरले भाग चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे हुडकायचे. मुंबईकर ज्या पाठीला फुगीर फियाटला ‘डुक्कर फियाट’ म्हणत, ती आज शौकिनांची लाडकी आहे. तिच्या पोटात नीट पाहिले तर निम्मी गाडी इटलीची आणि निम्मी मुंबईची निघते. या हातांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. मला विचाराल तर भारतीय मोटारींचा खरा इतिहास राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसपेक्षा या लेथवर अधिक आहे.

आणि नेमका तोच आता कायद्याच्या कात्रीत आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी ते योग्यच. पुढे जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले : पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि मोठा फेरफार न झालेले वाहन व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला न्यावी, रोजच्या वापराला नव्हे. अशी वेगळी नोंदणी देशभर एकसारखी नव्हतीच, तेव्हा हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण ‘मूळ रूप’ या दोन शब्दांत बराच धोका भरला आहे. ज्याला नोंदणी हवी तो मॅटाडोरचे इंजिन उपसून काढणार, मिस्त्रीने ठोकलेला पत्रा फेकून परदेशातून नवा तयार पत्रा मागवणार, आणि ती गाडी अधिक ‘मूळ’ ठरणार.

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली फियाट १९७४च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली. त्या पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे, म्हणजे त्या नियमाने व्हिंटेज होऊ शकतात. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३मध्ये गेली. खासगी म्हणून उरल्या आहेत त्यांतल्या कित्येकींचा स्टिअरिंगजवळचा गिअर कुणी खाली जमिनीवर आणला आहे, कुणी डिकीत गॅसची टाकी ठेवली आहे, आणि इंजिन बदललेल्यांच्या आरसी बुकात तशी नोंद आहे. राज्याची समिती गाडी तपासायला येईल तेव्हा ती टाकी डिकीत राहू द्यायची की आदल्या रात्री काढून ठेवायची, हे ज्याचे त्याला ठरवायचे आहे. आरसी बुकातली नोंद मात्र काढता येत नाही.