बडोद्यातील मराठी लग्ने आणि छायाचित्रणाचा व्यवसाय : शिकणाऱ्यांसाठी व लग्नघरांसाठी

बडोद्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची वाण नाही. मात्र त्यांतील बहुतेकांचा हात गुजराती लग्नांवर बसलेला असतो आणि आपली अडचण तिथेच सुरू होते. गुजराती लग्नात वरघोडा, हस्तमेळाप आणि चार मंगळफेरे हा मुख्य भाग. फेरे चार असल्याने एखादा हुकला तरी पुढचा मिळतो. आपल्याकडे मुहूर्ताचा क्षण एकच. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट सरतो, वाजंत्री सुरू होते, अक्षता पडतात, माळा घातल्या जातात. सारे अर्ध्या मिनिटात आटोपते. ज्याला हे ठाऊक नाही तो फोटोग्राफर सप्तपदीची तयारी करत कोपऱ्यात बॅटरी बदलत उभा असतो आणि अल्बममध्ये अंतरपाटाच्या जागी कुणाची तरी पाठ येते.

मंडळाच्या सभासदांच्या घरांतील काही मुले-मुली या व्यवसायाकडे वळत आहेत. लग्नघरेही चौकशी करतात. दोघांच्याही उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे एकत्र केली आहे. आम्ही बँकेत आयुष्य घालवलेली माणसे असल्यामुळे पैशाच्या बाजूबद्दल थोडे जास्त लिहिले गेले आहे, ते वाचकांनी चालवून घ्यावे.

शिकायचे कसे

आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून आहे. तेथील शिक्षणाने चित्र पाहण्याची, चौकट रचण्याची दृष्टी येते यात शंका नाही. गांधीनगरला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत छायाचित्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. परंतु लग्न मात्र लग्नातच शिकावे लागते. अनुभवी फोटोग्राफरच्या हाताखाली दोन मोसम बॅगा उचलणे, लाइट धरणे, कार्डे सांभाळणे याला पर्याय नाही. पहिल्या मोसमात पैसे थोडेच मिळतात. पण कुणाला कधी हाक मारायची, जेवणाच्या पंगतीत कॅमेरा कधी खाली ठेवायचा, चिडलेल्या काकांना कसे शांत करायचे, हे तिथेच कळते.

सरावासाठी आम्ही मुंजीची शिफारस करतो. मुंजीतही मंगलाष्टके असतात, वडील आणि बटू यांच्यामध्ये अंतरपाट असतो आणि तो सरण्याचा क्षण तसाच निसटता असतो. गर्दी कमी, अपेक्षाही बेताच्या. बारसे, डोहाळजेवण, मंडळाचे हळदीकुंकू येथेही सराव होतो. पहिले पैशाचे काम बहुधा साखरपुड्याचे मिळते. पन्नास-साठ माणसे, घराची बैठकीची खोली, एकीकडे खिडकीचा उजेड आणि वर पिवळे किंवा पांढरे दिवे. या मिश्र उजेडात चेहरा अर्धा निळसर, अर्धा पिवळा येतो. शक्य असेल तर वरचे दिवे बंद करून खिडकीजवळ पाट मांडायला सांगावे. यजमान सहसा नाही म्हणत नाहीत.

होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. आयुष्याची शेवटची वर्षे त्या बडोद्यात राहिल्या आणि २०१२ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळी मध्यम आकाराच्या रोलवर १२ फोटो निघत. आज एका लग्नात तीन-चार हजार फोटो सहज निघतात आणि त्यातले निवडायला पंधरा दिवस लागतात. नव्या मुलांनी एखाद्या समारंभात स्वतःला मोजून ३६ फोटोंची मर्यादा घालून पाहावी. बटण दाबण्याआधी पाहण्याची सवय लागते.

विधी माहीत असणे

आपल्या लग्नाचा क्रम घराण्यानुसार थोडा बदलतो, तरी साधारण असा: ग्रहमख, हळद, चुडा, सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टके, कन्यादान, मंगळसूत्र, विवाहहोम, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी, सुनमुख, झाल, वरात आणि गृहप्रवेश. यातले काही विधी क्षणात होतात. कानपिळीत नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि हशा पिकतो. पण हे लाजाहोमाच्या धुरात, गुरुजींच्या सूचनांच्या मधेच घडते. सुनमुखात सासू आरशात सुनेचे मुख पाहते. तेव्हा आरशात फोटोग्राफरच दिसू नये म्हणून बाजूला, खाली बसावे लागते. गृहप्रवेशाला माप ओलांडताना कॅमेरा घराच्या आत आधीच पोहोचलेला हवा. नवरीच्या मागून आत शिरणाऱ्याला फक्त उंबरठ्यावरची गर्दी मिळते.

अंतरपाटाला वधू-वर समोरासमोर उभे असतात, त्यामुळे एका कॅमेऱ्याला दोन्ही चेहरे समोरून मिळणे अशक्य. वधूच्या मागे मामा आणि करवली, वराच्या मागेही तीच गर्दी. म्हणून या क्षणाला दोन माणसे हवीतच. एक वराच्या खांद्यावरून वधूकडे, दुसरा उलट बाजूने. मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वी गुरुजींना नमस्कार करून अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार ते विचारून ठेवावे. ‘पुन्हा एकदा धरा’ असे गुरुजींना सांगणारे फोटोग्राफर आम्ही पाहिले आहेत. मुहूर्त पुन्हा लागत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

काही बारकावे कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. मुंडावळ्यांची मोत्यांची सर चेहऱ्याच्या पुढे लोंबते. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस ती पकडतो आणि डोळे धूसर येतात. त्यामुळे फोकसचा बिंदू स्वतः डोळ्यावर ठेवावा. बाजूने फ्लॅश मारला की नथीची सावली ओठांवर पडते. अक्षता लेन्सजवळून उडत असताना थेट फ्लॅश मारल्यास त्या पांढऱ्या गोळ्यांसारख्या दिसतात. होमाच्या धुरावर फ्लॅश मारला की समोर पांढरा पडदाच उभा राहतो; तिथे आयएसओ वाढवून, एफ २.८ ची लेन्स वापरून आहे त्या उजेडात काम करावे. हळदीच्या वेळी कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नये. स्टेजवर एलईडी भिंत असेल तर इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोत आडवे पट्टे येतात, म्हणून मेकॅनिकल शटर वापरावे आणि हॉलवर आदल्या दिवशी जाऊन दोन फोटो काढून पाहावेत.

माणसांबद्दल एक गोष्ट आम्हाला आग्रहाने सांगायची आहे. आजी-आजोबांचे फोटो सकाळी, ते ताजेतवाने असताना, चांगल्या उजेडात खुर्चीवर बसवून काढावेत. दुपारी ते दमतात, कित्येकदा जेवून घरी जातात. पुढे कधी घरात मोठा फोटो लावायची वेळ आली की लोक शेवटच्या लग्नाचा अल्बमच उघडतात, आणि त्यात आजोबा घास घेताना सापडतात. दुसरे असे, की आपल्याकडे विधवा आई, आत्या, मावशी अजूनही आपणहून मागे उभ्या राहतात. घरचे लोक गडबडीत असतात. अशा वेळी फोटोग्राफरने ‘काकू, तुम्ही मुलीच्या शेजारी या’ असे साधेपणाने म्हटले तर कुणी अडवत नाही. हा अधिकार त्या दिवशी फक्त कॅमेरा धरणाऱ्याकडेच असतो.

पैशाची बाजू

चांगली बॉडी, दोन लेन्स, फ्लॅश, कार्डे आणि संगणक मिळून आकडा सहज तीन-चार लाखांवर जातो. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत, ‘किशोर’मध्ये त्यापुढे ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’मध्ये १० लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. उद्यम नोंदणी ऑनलाइन व विनामूल्य आहे. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

कर्ज मिळते म्हणून लगेच घ्यावे असे मात्र आमचे मत नाही. बँकेचा हप्ता दरमहा येतो, मुहूर्त दरमहा येत नाहीत. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्ने जवळजवळ बंद. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत गुजरातेत कमुरता. म्हणजे हप्ते बारा आणि कमाईचे महिने सहा-सात. पहिली दोन वर्षे जुनी बॉडी घ्यावी, महागडी लेन्स त्या दिवसापुरती भाड्याने आणावी आणि मोसमातल्या प्रत्येक रकमेतून हप्त्याचा वाटा वेगळ्या खात्यात टाकावा. चातुर्मासात बडोद्याला नवरात्र असते, ही आपल्या मुलांची जमेची बाजू. गरब्याच्या नऊ रात्रींत काम मिळते आणि कमी उजेडातल्या हालत्या माणसांचा सरावही होतो.

दर ठरवताना फक्त लग्नाचा दिवस मोजू नये. एका दिवसाच्या मागे निवड, दुरुस्ती आणि अल्बम यांचे आठ-दहा दिवस असतात. ओळखीत काम करताना ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ असे म्हणणाऱ्या मुलांचे हाल आम्ही पाहिले आहेत. घरचे लग्न असले तरी रक्कम आधी बोलावी. हवी तर आहेर म्हणून सूट द्यावी, पण ती कागदावर दिसू द्यावी.

कागद कसा असावा

एक पानी करार पुरे. त्यात तारखा आणि तास, किती माणसे येणार, दुरुस्त केलेले फोटो किती, अल्बमची पाने व आकार (सध्या १२ बाय ३६ इंचांचा चालतो), सर्व मूळ फोटो देणार की नाही, आणि अल्बम देण्याची मुदत लिहावी. पैसे तीन भागांत ठरवावेत: नोंदणीला, लग्नाच्या आदल्या दिवशी आणि अल्बम हाती आल्यावर. शेवटचा भाग फार मोठा ठेवला तर फोटोग्राफर अडकतो, अगदीच लहान ठेवला तर अल्बम अडकतो.

स्वामित्वहक्काबाबत दोन्हीकडे गैरसमज दिसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन सांगून काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. त्यामुळे फोटोग्राफरला नमुना म्हणून फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर तशी परवानगी करारातच घ्यावी. वधूच्या खोलीतले, हळदीचे फोटो वगळावेत असे घरच्यांनी लिहून द्यायला हरकत नाही. ड्रोन वापरायचा असेल तर वजन, नोंदणी आणि चालकाचा परवाना यांचे नियम आहेत, आणि आपला विमानतळ शहरालगत हरणीला आहे. परवानगीची जबाबदारी कुणाची तेही लिहावे.

लग्नघरांनी आठ दिवस आधी दोन कागद द्यावेत. एकावर आपल्या घराण्यातील विधींचा क्रम व वेळा, दुसऱ्यावर ज्यांचे फोटो हवेतच अशा वीस-पंचवीस माणसांची नावे. सोबत दोन्ही बाजूंचा एकेक माहीतगार नातेवाईक नेमून द्यावा. फोटोग्राफरला आत्या आणि मावशी यांतला फरक चेहऱ्यावरून कळत नाही.

फोटोग्राफरने दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो घ्यावेत आणि त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावेत. अल्बम पोहोचेपर्यंत कार्डे पुसू नयेत. घरच्यांनीही मिळालेली डिस्क कपाटात ठेवून विसरू नये. वीस वर्षांपूर्वी सीडीवर मिळालेली लग्ने आज पाहायला बहुतेक घरांत यंत्र उरलेले नाही. दर चार-पाच वर्षांनी सर्व फोटो नव्या डिस्कवर उतरवावेत. निदान पन्नास फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि मागे मऊ पेन्सिलीने नावे, नाते व तारीख लिहावी. बॉलपेनने लिहू नये, पुढच्या बाजूला वळ उमटतात.