उतार, तोफा आणि हवा: उदगीरपासून लष्करी ट्रकच्या ब्रेकपर्यंत

उदगीर म्हटले की १७६० आठवते. सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला उदगीर-औसा परिसरात कोंडीत पकडले, इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने निर्णायक काम केले आणि तहात दौलताबाद, असीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर ही स्थळे व सुमारे ६० लाखांचा मुलूख मराठ्यांकडे आला. इतके शाळेतल्या पुस्तकातही सापडते. त्या तोफा बालाघाटच्या चढउतारांवरून नेल्या कशा, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

चढावर बैलजोड्या वाढवता येतात. खरा प्रश्न उतारावर येतो. टनावारी वजनाचा गाडा एकदा सुटला की पुढच्या बैलांना चिरडतो. त्या काळात उपाय एकच होता: गाड्याला मागून दोर बांधायचे आणि माणसांनी ते ताणून धरत पाऊल-पाऊल खाली उतरायचे. गरज पडली तर चाकापुढे दगड. याच जड तोफा पुढे पानिपताच्या वाटेवर भाऊंच्या सैन्याचा वेग रोखून धरत होत्या. रणपटांत तोफ डागताना दिसते, उतरवताना कधी दिसत नाही. वास्तविक सैन्याचा अर्धा इतिहास त्या दोरांत आहे.

वजन वाढत गेले, पण थांबवण्याची साधने शतकभर फारशी बदलली नाहीत. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा उतार ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र होता आणि गाडी आवरण्याची मुख्य भिस्त हाताने फिरवायच्या ब्रेकवर होती. डब्याडब्यावर माणसे बसवायची, इंजिनाची शिट्टी ऐकून त्यांनी चक्रे आवळायची. दोर धरणाऱ्या माणसांच्या जागी चक्र फिरवणारी माणसे आली, एवढाच फरक. १८६९ च्या जानेवारीत याच घाटात उतरणारी एक गाडी आवरेनाशी झाली आणि माणसे दगावली.

योगायोग असा की त्याच वर्षी, एप्रिल महिन्यात, अमेरिकेत २२ वर्षांच्या जॉर्ज वेस्टिंगहाऊसने हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. इंजिनावर पंप, पंपाने दाबलेली हवा टाकीत, टाकीतून नळीने प्रत्येक डब्याकडे. चालकाने झडप उघडली की हवा ब्रेकच्या नळकांड्यात शिरणार आणि चाके आवळली जाणार. एका माणसाच्या हाताने संपूर्ण गाडी थांबणार होती.

या रचनेत एक जीवघेणी त्रुटी होती. नळी फुटली, डबे तुटून वेगळे झाले, की हवा निघून जायची आणि ब्रेकही जायचा; म्हणजे सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच क्षणी. वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्ये गणितच उलटे केले. प्रत्येक डब्याला स्वतःची छोटी टाकी दिली आणि मुख्य नळीत दाब कायम भरून ठेवला. तो दाब उतरला की डब्यावरची झडप आपल्या टाकीतली हवा ब्रेककडे सोडते. आता गळती झाली तर गाडी सुटत नाही, थांबते. गळती टाळता येत नाही हे मान्य करून तिचा अर्थच बदलून टाकणे, ही त्या शतकातल्या अभियांत्रिकीतील अत्यंत शहाणी कल्पना होती. (भारतीय रेल्वेने मात्र दीर्घकाळ निर्वात ब्रेक वापरले. वातावरणाचा दाबच दर चौरस इंचाला १४.७ पौंड असल्याने त्यांच्या ताकदीला मर्यादा होती.)

रस्त्यावरच्या वाहनांना हे शहाणपण उशिरा मिळाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जीएमसीचे अडीच टनी ट्रक पाच लाखांहून अधिक बांधले. त्यांचे ब्रेक तेलाचे होते आणि पायाच्या जोराला निर्वाताची मदत होती. संपूर्ण हवेचे ब्रेक आले ते डायमंड टीसारख्या, रणगाडे वाहून नेणाऱ्या अजस्र वाहनांना. ब्रिटिश सैन्यानेही ती वापरली. हवेच्या दाबाचा हिशेब सोपा आहे: ३० चौरस इंचांच्या पडद्यावर दर चौरस इंचाला १०० पौंडांचा दाब पडला तर ३००० पौंडांचा, म्हणजे सुमारे १३६० किलोंचा रेटा मिळतो, तोही एकाच चाकाशी. दोर धरणारी किती माणसे लागली असती, याचा अंदाज वाचकाने करावा.

यंत्रे वाढली तशी ती दुरुस्त करणारी माणसेही लागली. ब्रिटिश सैन्यात १९४२ मध्ये आणि भारतीय सैन्यात १९४३ मध्ये यासाठी स्वतंत्र दल उभे राहिले, आजचे ईएमई. पाचच वर्षांनी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, मेजर जनरल जयंतोनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज सोलापूरहून हैदराबाद संस्थानात शिरली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल पहिल्याच दिवशी शाबूत हाती लागला. पुढे उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात, या मार्गाच्या उत्तरेला होते आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा मूळचा लातूरचा वकील. सुमारे ३०० किलोमीटरची वाट आणि पाच दिवसांत निजामाची शरणागती. १७६० च्या फौजेला हा वेग स्वप्नातही दिसला नसता. रणगाडा पुढे जातो, पण त्याचे इंधन, दारूगोळा आणि रसद ट्रकमधून येते. रांगेतला एक ट्रक ब्रेकविना राहिला तर अरुंद पुलावर मागची सगळी रांग अडते. ईएमईचे महाविद्यालय आज सिकंदराबादलाच आहे.

आता त्या ट्रकच्या पोटात. तेलाची गळती जमिनीवर डाग पाडून स्वतःची चुगली करते. हवेची गळती काहीच मागे ठेवत नाही. हवेच्या ब्रेकच्या जुन्या ट्रकमध्ये कंप्रेसर, टाकी, पायाखालची झडप आणि चाकांजवळचे पडद्याचे डबे ही एकच साखळी असे. म्हणजे वेस्टिंगहाऊसची १८६९ ची पहिली रचना, १८७२ चे शहाणपण वगळून. दाब गेला की ब्रेक गेला. हातब्रेक असे, पण तो उभी गाडी धरून ठेवण्यापुरता. इंजिन चालू असताना कंप्रेसर गळती भरून काढत राहतो, त्यामुळे सपाटीवर कळतही नाही. लांब उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला जातो, हवा मिळण्यापेक्षा जास्त खर्च होते आणि काटा खाली येऊ लागतो.

म्हणूनच जुन्या लष्करी ट्रकची पहिली तपासणी इंजिन बंद करून होते. चाकांना ठोकळे लावायचे, टाकी पूर्ण दाबाने भरायची, इंजिन थांबवायचे आणि काट्याकडे पाहत राहायचे. अमेरिकेतल्या चालक परवान्याच्या चाचणीत एकट्या ट्रकला ब्रेक दाबून धरल्यावर मिनिटाला ३ पौंडांपर्यंत घट चालते. त्याहून जास्त असेल तर शोध सुरू. ब्रेक न दाबताही काटा पडतो? मग दोष टाकी, तिच्याकडे येणारी नळी, एकेरी झडप किंवा पायाच्या झडपेच्या आतल्या बैठकीत. फक्त दाबल्यावर पडतो? मग झडपेच्या पुढे, चाकांकडच्या रबरी नळ्यांत आणि पडद्यांत. आधी कान लावायचा, नंतर साबणाचे पाणी. जिथे बुडबुडे फुगतात तिथे बोट.

सापडलेला जोड जोराने आवळणे ही नवशिक्याची हमखास चूक. तांब्याच्या नळीचे पसरट टोक तेवढ्याने चिरते आणि छोटी गळती मोठी होते. टोक नव्याने घडवावे किंवा नळी बदलावी. तडकलेले रबर चिकटवून चालत नाही, पडदा बदलावाच लागतो. टाकीच्या तळाची झडप रोज उघडावी, कारण दाबलेल्या हवेतले पाणी तिथे साचून पत्रा आतून खाते. पाण्याबरोबर तेलकट चिकटा निघाला तर कंप्रेसरच्या कड्या झिजल्या असे समजावे.

ट्रकला १८७२ चे शहाणपण पुढे स्प्रिंग ब्रेकच्या रूपाने मिळाले. ताकदवान स्प्रिंग कायम ब्रेक लावायला पाहते आणि हवा तिला मागे रेटून धरते. हवा गेली की गाडी जागच्या जागी खिळते. त्यामुळे रोग एकच असला तरी लक्षण दोन पिढ्यांत उलटे दिसते: जुन्या ट्रकमध्ये गळती म्हणजे न थांबणारी गाडी, नव्यात न हलणारी. जुन्यावर शिकलेला कारागीर नव्याचा ब्रेकचा डबा साधा समजून खोलायला गेला, तर आत दाबून बसलेली स्प्रिंग झाकणासकट उडते. या कामात माणसे मेली आहेत. बोल्टने स्प्रिंग आधी जखडल्याखेरीज त्या डब्याला हात लावत नाहीत, आणि डबा काढला तरी झाकण उघडत नाहीत.