हळदीतल्या पिवळ्याची कुळकथा

हळद पारखायची सांगलीच्या बाजारातली जुनी रीत म्हणजे हळकुंड मोडून आतला रंग बघायचा. वरून पॉलिश कितीही झकास असो, आतला रंग खोटं बोलत नाही. अर्क काढणारे कारखाने विचारतात, कुर्क्युमिन किती टक्के? दोघं बघतात एकच गोष्ट, कारण तो पिवळा रंग म्हणजेच मुख्यतः कुर्क्युमिन.

फोगेल आणि पेल्तिए या रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ साली तो हळदीतून पहिल्यांदा वेगळा काढला, पण त्याची रासायनिक रचना कळायला १९१० उजाडलं. आपल्याकडे त्याच्या रसायनाचा एक धडा आधीपासूनच गिरवला जात होता. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि पारंपरिक कुंकू त्यातूनच बनतं.

वाई-कराडपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णाकाठी हळद रुजली. ती साठवायला कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, अरुंद तोंड, ते मातीनं लिंपून बंद. आत प्राणवायू फारसा उरत नाही, त्यामुळे किडीला जगायची सोय नाही. पेव उघडलं तरी लगेच कुणी उतरत नसे. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर माणसानं थांबायचं. २००५ च्या महापुरानं यातली बरीच पेवं निकामी केली. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ मध्ये.

आता पोटाकडे वळू. कुर्क्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही, अशी औषधवाल्यांची जुनी तक्रार. मिऱ्यातल्या पिपेरीनसोबत ते कितीतरी पट जास्त शोषलं जातं, हे १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं. पण दुखणंच आतड्यात असेल तर आतड्यात रेंगाळणारं औषध वाईट कसं? २००६ साली जपानमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजाराच्या ८९ रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या औषधांसोबत रोज २ ग्रॅम कुर्क्युमिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत ४३ पैकी दोघांचा आजार उलटला. नुसती नेहमीची औषधं घेणाऱ्यांत ३९ पैकी आठ जणांचा. आकडे छोटे आहेत, पण दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

हळदीत कुर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे दोन ग्रॅमसाठी रोज पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद पोटात जायला हवी. एवढी तर आमच्याकडे लग्नातही नवरदेवाला लागत नाही!