हातांनी गाइलेला नाताळ

सणाच्या घरात सर्वांत एकाकी कोण? ज्याला आमंत्रण असते, ताटही वाढलेले असते, पण ज्याच्याशी कोणी बोलत नाही, तो. या एकाकीपणावर इंग्लंडात निघालेला एक उपाय आम्हांला विचार करण्याजोगा वाटतो.

१९७२-७३ च्या सुमारास सरे परगण्यातील बॉटलीज पार्क रुग्णालयात वाचोपचारतज्ज्ञ मार्गारेट वॉकर यांनी तेथील बहिऱ्या व बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी ब्रिटिश खुणाभाषेतून निवडक खुणा घेतल्या. कॅथी जॉन्स्टन व टोनी कॉर्नफर्थ हे त्यांचे सहकारी. तिघांच्या नावांची आरंभीची अक्षरे जुळवून या पद्धतीला ‘मॅकाटॉन’ हे नाव मिळाले. वाक्य तोंडाने बोलावे आणि त्यातील मुख्य शब्दांचीच खूण हाताने करावी, ही तिची रीत. पुढे खुणांना साध्या रेखाचित्रांची जोड मिळाली.

आरंभीचे शब्द रोजच्या गरजेचे होते: पिणे, जेवण, घर. परंतु भूक भागली म्हणजे माणूस समाजात आला, असे नव्हे. सणाला तारा, भेट, गाणे यांच्याही खुणा हव्यात. त्या आल्या, आणि शाळांतून नाताळची गीते ओठांनी व हातांनी एकाच वेळी म्हटली जाऊ लागली. ज्याला शब्द उच्चारता येत नाही, तोही गाणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला.

यातील मर्म आम्हांला असे दिसते: खुणा त्या एकट्या मुलाने शिकून भागत नाही, साऱ्या वर्गाने शिकाव्या लागतात. आपल्या दिवाळीत पणती पुढे करून ‘तू लाव’ अशी खूण करण्यास कितीसा वेळ लागतो? हात आपल्याला आहेतच. ते त्याच्याकडे वळवावयाचे, एवढेच.