पासंग

वाणसामानाच्या दुकानात दांडीचा तराजू असे, तेव्हा त्याच्या हलक्या पारड्याला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधलेला असे. दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी सरळ राहावी, एवढंच त्याचं काम. हा पासंग. त्याला कुणी विकत घेत नाही, हिशेबात धरत नाही. म्हणूनच एखाद्याचं उणेपण सांगताना आपण म्हणतो, तो अमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

कॉलेजच्या मुलामुलींनी बनवलेल्या उपग्रहांचं कूळ शोधत मागं गेलं, की मुळाशी हा पासंगच सापडतो. आणि तो म्हणीतला नव्हे, खऱ्याखुऱ्या रॉकेटातला.

12 डिसेंबर 1961 रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून अमेरिकी हवाई दलाचा डिस्कव्हरर 36 हा उपग्रह निघाला. रॉकेटाच्या वरच्या टप्प्याचा तोल साधायला अशा उड्डाणांत काही निव्वळ वजनं ठेवावी लागत. कॅलिफोर्नियातल्या काही हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, हवाई दलाला विनवलं: एक वजन काढा आणि त्या जागी आमचा डबा ठेवा. परवानगी मिळाली. घरच्या गॅरेजांत आणि तळघरांत जुळवलेला तो डबा साडेचार किलोच्या आसपास भरला. त्याचं नाव ऑस्कर 1. डबा रॉकेटापासून सुटा व्हावा म्हणून लावलेली स्प्रिंग बाजारातून आणलेली होती, किंमत सव्वा डॉलरच्या आत. वर गेल्यावर तो एकच शब्द बोलत राहिला. मोर्स लिपीत चार टिंबं, मग दोन टिंबं: ‘हाय’. डब्यातल्या तापमानाप्रमाणे त्या टिंबांचा वेग बदले, म्हणजे नुसता नमस्कार ऐकूनही आतली ऊब कळे. बॅटरी संपेपर्यंतच्या तीन आठवड्यांत 28 देशांतल्या 570 हून अधिक लोकांनी तो ऐकून कळवला. स्पुटनिकला जेमतेम चार वर्षं झाली होती. दोन महासत्तांच्या चढाओढीत निव्वळ वजनाची जागा एका नमस्कारानं घेतली होती. मला ही या वंशावळीतली सर्वांत सुंदर घटना वाटते.

ऑस्करचे कर्ते विद्यार्थी नव्हते. या कुळात विद्यार्थी आले ते ऑस्ट्रेलियातून. 1966 च्या सुमारास मेलबर्न विद्यापीठातल्या मुलांनी आपला उपग्रह बांधायला घेतला. ‘ऑस्ट्रालिस’ हे त्याचं नाव. पुढे तो ऑस्कर 5 म्हणूनही ओळखला गेला. या उपग्रहापाशी जरा थांबायला हवं, कारण आज जगभरातल्या कॉलेजांत जे बनतं त्यातल्या दोन गोष्टी इथेच ठळकपणे दिसतात.

पहिली अँटेना. रॉकेटात जागा चिंचोळी, आणि अँटेना तर लांब हवी. मुलांनी सुतार वापरतात ती पोलादी मोजपट्टी घेतली. ती गुंडाळली की मुकाट बसते, सोडली की ताडकन सरळ होते आणि सरळच राहते. तिच्या आडव्या बाकात ही करामत आहे. आजही अनेक छोट्या उपग्रहांत मोजपट्टीचाच तुकडा असतो. तो नायलॉनच्या दोऱ्यानं बांधून ठेवतात. उपग्रह रॉकेटापासून सुटून काही वेळ गेला की एक बारीक तार तापते, दोरा जळतो, आणि पट्टी उघडते. या एका दोऱ्यावर कित्येक मुलांची वर्षं टांगलेली असतात. तो जळला नाही, तर खाली कुणालाच काही ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट लोहचुंबक. अंतराळात सोडलेला डबा गरगरत राहतो. त्याला आवरायला मोठ्या उपग्रहांत फिरती चाकं आणि वायूचे झोत असतात. मेलबर्नच्या मुलांनी आत नुसते चुंबक बसवले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ते होकायंत्राच्या सुईसारखे वळतात आणि सगळा डबा स्वतःबरोबर वळवतात. वीज लागत नाही, मोटर लागत नाही, बिघडण्यासारखं काही नाही. हा चुंबक लक्षात ठेवा. पन्नास वर्षांनी तो आपल्याला पुण्यात भेटणार आहे.

ऑस्ट्रालिस 1967 मध्येच तयार होऊन अमेरिकेत पोचला आणि तिथे रॉकेटाची वाट पाहत पडून राहिला. अखेर 23 जानेवारी 1970 रोजी एका हवामान उपग्रहाच्या सोबतीनं तो गेला. बांधायला वर्षभर आणि जागा मिळायला अडीच वर्षं, हे प्रमाणही पुढच्या पिढ्यांना वारशानं मिळालं.

यानंतर इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाची पायरी येते. मार्टिन स्वीटिंग या तरुण संशोधकानं आणि त्याच्या सोबत्यांनी बाजारात मिळणारे सुटे भाग वापरून, वर गेल्यावरही नवी आज्ञावली देता येईल असा संगणक बसवून, 52 किलोचा यूओसॅट 1 बांधला. तो ऑक्टोबर 1981 मध्ये नासाच्या उड्डाणात पाहुणा म्हणून गेला. पुढे एका चुकीच्या आज्ञेनं त्याचे दोन्ही प्रक्षेपक एकदम सुरू झाले आणि स्वतःच्याच आवाजात त्याला खालचं काही ऐकू येईना. काही महिन्यांनी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या टेकडीवरच्या दीडशे फुटी तबकडीतून त्याला जोरात हाक मारावी लागली, तेव्हा तो ताळ्यावर आला.

त्याच स्टॅनफर्डमध्ये या कुळाला आजचं रूप मिळालं. तिथले प्राध्यापक बॉब ट्विग्ज यांची अडचण साधी होती: विद्यार्थी दोन वर्षांत पदवी घेऊन जातो आणि उपग्रहाला लागतात त्याहून जास्त वर्षं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ओपल हा उपग्रह जानेवारी 2000 मध्ये वर गेला आणि त्यानं पोटातून सहा चिमुकले उपग्रह सोडले. त्यांतले तीन सँटा क्लारा विद्यापीठातल्या मुलींनी बांधलेले होते. पण ओपल वर जाण्याआधीच याहून सोपं काही हवंसं झालं होतं. ट्विग्जना माप सापडलं ते एका दुकानात, बीनी बेबी नावाची कापडी खेळणी ज्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतात त्या डबीत. साधारण चार इंच लांब, रुंद, उंच. बाजूंवर पुरेसे सौर घट मावतील एवढी. कॅल पॉली विद्यापीठातले जॉर्डी पुईग-सुआरी यांच्यासह त्यांनी 1999 मध्ये नियम ठरवला: दहा सेंटिमीटरचा घन, वजन एक किलो. तो क्यूबसॅट.

पण कॅल पॉलीत त्यासोबत जी पेटी तयार झाली ती मला घनाहूनही महत्त्वाची वाटते. त्या लांबट पेटीत तीन घन एकामागं एक बसतात. दार उघडलं की आतली स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते. रॉकेटवाल्याला खरी भीती कसली असते? कॉलेजातल्या पोरांनी बनवलेल्या डब्यातून काही निखळेल आणि कोट्यवधींच्या मुख्य उपग्रहाला इजा होईल, याची. पेटीनं ती भीती कुलूपबंद केली. ऑस्करवाल्यांना दर वेळी एकेका अधिकाऱ्याला पटवावं लागलं होतं. पेटीनंतर पासंगाची जागा मागायला ओळख लागेनाशी झाली, माप पाळलं की पुरे. 30 जून 2003 रोजी रशियातल्या प्लेसेत्स्कहून पहिले क्यूबसॅट गेले, जपान, डेन्मार्क, कॅनडा, अमेरिका अशा देशांचे. टोकियो विद्यापीठाच्या मुलांचा एक्सआय-4 त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ बोलत राहिला.

आपल्याकडे या इतिहासाला एक वेगळी पार्श्वभूमी आहे. एके काळी देशच पासंगाच्या जागी बसून गेला होता. 1975 चा आर्यभट्ट सोव्हिएत रॉकेटावरून गेला. 1981 चा ॲपल हा उपग्रह युरोपच्या एरियान रॉकेटाच्या चाचणी उड्डाणात फुकट मिळालेल्या जागेत बसला; बैलगाडीवर ठेवलेला त्याचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. स्वतःचं रॉकेट भरवशाचं झाल्यावर इस्रोनं त्यातली उरलेली जागा कॉलेजांना दिली, यात मला त्या दिवसांची आठवण दिसते. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा 40 किलोचा अनुसॅट एप्रिल 2009 मध्ये गेला. पुढच्या वर्षी कर्नाटक आणि हैदराबादच्या सात अभियांत्रिकी कॉलेजांतल्या मुलांचा, एक किलोच्या आतला स्टडसॅट. मग ऑक्टोबर 2011 मध्ये आयआयटी कानपूरचा जुगनू आणि चेन्नईजवळच्या एसआरएमचा एसआरएमसॅट.

आणि मग पुणं. शिवाजीनगरच्या सीओईपीतल्या, म्हणजे 1854 पासून चालत आलेल्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या मुलांनी ‘स्वयम्’ बांधायला घेतला तेव्हा त्यांच्यापुढे तोच जुना प्रश्न होता: एक किलोच्या डब्याचं तोंड वळवायचं कसं? त्यांनी मेलबर्नचाच मार्ग धरला. आत कायमचा चुंबक आणि त्याच्या जोडीला विशिष्ट मिश्रधातूच्या कांड्या. चुंबक डब्याला दिशा देतो. पण नुसता चुंबक असला तर डबा होकायंत्राच्या सुईसारखा डोलत राहील. कांड्या ते डोलणं खातात. क्षेत्र बदलेल तसं त्यांचं चुंबकत्व जरा मागून बदलतं आणि त्या ओढाताणीत हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन जाते. एकदा सुटला की डबा आपला आपण सावरतो. नाव स्वयम् ते याच अर्थानं. त्याचं काम होतं निरोप्याचं: हॅम मंडळींचा एका ठिकाणचा निरोप पोटात ठेवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली द्यायचा.

22 जून 2016 रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-34 निघालं. त्यात वीस उपग्रह, मिळून 1288 किलो. त्यातला एक किलो पुण्याचा.

त्याला सुमारे आठ वर्षं लागली होती. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिला आराखडा काढला ते स्वयम् उडाला तेव्हा केव्हाच नोकरीला लागलेले, आणि ज्यांनी उड्डाण पाहिलं ते सुरुवातीला शाळेत होते. मुंबईच्या आयआयटीतला ‘प्रथम’ही असाच. 2007 मध्ये सुरू झालेला हा दहा किलोचा उपग्रह 26 सप्टेंबर 2016 रोजी पीएसएलव्ही सी-35 वरून गेला. आयनांबरातून येताना रेडिओलहरींत होणाऱ्या बदलांवरून वाटेतले इलेक्ट्रॉन मोजायचे, हे त्याचं काम, आणि त्यासाठी इतर कॉलेजांनीही आपापली भूस्थानकं उभारावीत अशी त्याची आखणी.

विद्यार्थी उपग्रहांचं मोजमाप ते किती दिवस बोलले यावरून करतात, तेव्हा मला वाईट वाटतं. सीनियर जूनियरला काय देऊन जातो, याची खरी मोजणी व्हायला हवी. कंपन चाचणीच्या टेबलावर सैल झालेला स्क्रू कोणता, निर्वात कक्षात कुठली बॅटरी फुगली, कुठला भाग मागवायला किती आठवडे लागतात, हे सगळं वहीत नीट उतरवलं नाही तर पुढची तुकडी पुन्हा शून्यापासून सुरू करते. मोठ्या संस्थेतल्या इंटर्नशिपमध्ये मुलाच्या वाट्याला बहुधा यंत्राचा एखादा कोपरा येतो. इथे मात्र वीस वर्षांच्या मुलीला सौर घटापासून भूस्थानकापर्यंत सगळं एकाच टेबलावर दिसतं, आणि तिनं घेतलेला निर्णय चुकला तर तो दुरुस्त करायला वर कुणी जाऊ शकत नाही. ही जबाबदारी त्या वयात दुसरीकडे क्वचितच मिळते.

अलीकडे तर पासंगाचाही पासंग होऊ लागला आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर रिकामा फिरत राही. इस्रोनं त्याला सौर घट आणि दिशा सावरण्याची यंत्रणा देऊन त्यावरच प्रयोग बसवायला सुरुवात केली. त्याचं नाव पोएम. 30 डिसेंबर 2024 रोजी पीएसएलव्ही सी-60 नं डॉकिंगच्या प्रयोगासाठीचे दोन उपग्रह सोडले, आणि मागं उरलेल्या टप्प्यावर 24 उपकरणं चालू झाली. चवळीच्या बियांना तिथे कोंब फुटल्याची छायाचित्रं आपण वर्तमानपत्रांत पाहिली. त्याच टप्प्यावर मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाची एक कुपी होती, तिच्यात पालकाच्या पेशी. तशाच पेशी इथे जमिनीवरही ठेवल्या होत्या, दोन्हींची वाढ ताडून पाहायला. त्या टप्प्याची कक्षा खाली आणलेली होती, आणि 4 एप्रिल 2025 रोजी तो वातावरणात शिरून हिंदी महासागरात पडला.