असेनचा दुर्ग आणि एक नष्ट झालेला शिलालेख

बल्गेरियातील प्लोव्हदिव नगराच्या आग्नेयेस सुमारे २० किलोमीटरांवर, थ्रेसचे मैदान जेथे संपते व रोडोपी पर्वताच्या रांगा सुरू होतात तेथे, असेनोवग्राद हे नगर वसलेले आहे. नगरातून दक्षिणेस निघालेला रस्ता नदीच्या अरुंद खिंडीत शिरतो न शिरतो तोच समोरच्या कड्यावर एका दुर्गाचे भग्नावशेष दृष्टीस पडतात. चढून जाणाऱ्यास तेथे तटाचे तुटके भाग, घरांची जोती व पाण्याची टाकी आढळतात. त्या अवशेषांत शाबूत असे एक दुमजली चर्चच काय ते उभे आहे. प्रवेशमंडपावर चौकोनी घंटाघर असलेले हे चर्च बाराव्या-तेराव्या शतकांतील असून ‘पेत्रिचची देवमाता’ या नावाने ते ओळखले जाते. दुर्ग मात्र असेनचा म्हणून प्रसिद्ध आहे. एकाच कड्यावर ही दोन नावे कशी नांदतात, हा प्रश्न प्रथमदर्शनी किरकोळ वाटला तरी त्याच्या उत्तरात या प्रदेशाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

पेत्रिच हे नाव अधिक जुने होय. इ. स. १०८३ मध्ये ग्रेगरी पाकुरियानोस या बायझंटाइन सेनानीने जवळच बाच्कोवो येथे मठ स्थापन केला. त्या मठाच्या नियमपत्रात या दुर्गाचा उल्लेख येतो. खालच्या वस्तीचे जुने नाव स्तेनिमाखोस. ‘अरुंद’ व ‘लढाई’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याची व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते, आणि खिंडीचे स्थान पाहता ती अयोग्य वाटत नाही. मैदानातून पर्वत ओलांडून ईजियन समुद्राकडे जाणारी वाट येथे रोखता येत असे. हे ठाणे किती बळकट होते, हे १२०५ साली दिसून आले. बल्गेरियाचा राजा कालोयान याने आड्रियानोपल येथे लॅटिन फौजेचा पराभव केल्यानंतर रेनिए द त्रीत हा सरदार मूठभर माणसांनिशी स्तेनिमाखोसच्या दुर्गात अडकला व सुमारे तेरा महिने तग धरून राहिला. व्हिलार्दुअँच्या इतिवृत्तात ही हकीकत नमूद आहे.

यानंतर दुसरा इव्हान असेन (राज्यकाल १२१८ ते १२४१) याच्या काळात दुर्गाचे भाग्य पालटले. ९ मार्च १२३० रोजी क्लोकोत्नित्सा येथे त्याने थेसालोनिकाचा अधिपती थेओडोर कोम्नेनोस याचा पराभव करून त्यास कैद केले. पुढील वर्षी, म्हणजे १२३१ मध्ये, या कड्याच्या खडकावर त्याच्या नावाचा लेख कोरण्यात आला. लेखाचा आशय असा, की सृष्ट्यब्द ६७३९ मध्ये बल्गेरियनांचा, ग्रीकांचा व इतर देशांचा ईश्वरनियुक्त राजा असेन याने आलेक्सियस यास ‘सेवास्त’ नेमले आणि हा ‘ग्राद’ निर्माण केला.

अवघ्या आठ ओळींचा हा लेख भाषेच्या दृष्टीने मोठा बोलका आहे. राजाचे ‘त्सार’ हे पद सीझर या रोमन नावावरून आलेले, तर अधिकाऱ्याचे ‘सेवास्त’ हे पद ‘ऑगस्टस’च्या ग्रीक प्रतिशब्दावरून. नेमलेल्या माणसाचे नावही ग्रीकच. ‘बल्गेरियनांचा व ग्रीकांचा’ ही पदे मुळात चतुर्थी विभक्तीत आहेत. आजच्या बल्गेरियन भाषेतील नामांनी ही विभक्तिव्यवस्था टाकून दिलेली आहे. ‘निर्माण केला’ हे क्रियापद मात्र शब्दशः घेता येत नाही. दुर्ग त्यापूर्वी दीडशे वर्षे तरी उभा होता. तेव्हा राजाने त्याचे नूतनीकरण केले, एवढाच अर्थ येथे घ्यावयास हवा.

असेनच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच दुर्ग बायझंटाइनांकडे गेला. १३४४ मध्ये तो पुन्हा बल्गेरियनांस मिळाला, आणि त्याच शतकात हा सारा मुलूख ऑटोमन सत्तेखाली आला. पुढे दुर्ग ओस पडला. चर्चमध्ये उपासना चालत राहिल्याने ते टिकले. कड्यावरील लेखही सहाशेहून अधिक वर्षे टिकला.

तो नष्ट झाला तो ऊनपावसाने नव्हे. एकोणिसाव्या शतकात बल्गेरियनांनी ग्रीक धर्मपीठापासून स्वतंत्र चर्च मागितले, तेव्हापासून स्तानिमाका (स्तेनिमाखोसचे बल्गेरियन रूप) येथे दोन्ही समाजांत वैर वाढत गेले. ग्रीक वस्ती तेथे मोठी होती. नगर कोणाचे, या वादात खडकावरील अक्षरे साक्षीदार ठरू लागली, आणि १८८३ मध्ये काही स्थानिक ग्रीकांनी तो लेख फोडून टाकला. त्याची नक्कल आधीच झालेली होती, म्हणूनच त्यातील मजकूर आज वाचावयास मिळतो.

या कृतीतील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या लेखाने बल्गेरियनांबरोबर ग्रीकांचेही नाव घेतले होते, तो ग्रीकांनीच पुसला. पुढे पहिल्या महायुद्धानंतर लोकसंख्येच्या अदलाबदलीत येथील ग्रीक कुटुंबे मोठ्या संख्येने ग्रीसमध्ये गेली. तेथे नाउसाजवळ त्यांनी वसविलेल्या गावास स्तेनिमाखोस हेच नाव मिळाले. इकडे १९३४ मध्ये स्तानिमाका हे नाव रद्द होऊन नगर असेनोवग्राद झाले. फोडलेल्या लेखातील राजाचे नाव अशा रीतीने संपूर्ण नगरास लाभले.

मात्र नामकरण करणाऱ्यांनी नकळत एक बदल केला. ‘ग्राद’ या स्लाव शब्दाचा जुना अर्थ कुंपणाने वा तटाने वेढलेली जागा असा असून संस्कृत ‘गृह’ शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. १२३१ च्या लेखात ‘ग्राद’ म्हणजे कड्यावरील दुर्ग. आज त्या शब्दाचा अर्थ नगर असा झाला असून दुर्गास ‘क्रेपोस्त’ म्हणतात. परिणामी असेनचा ‘ग्राद’ डोंगर उतरून मैदानाच्या कडेस आला, आणि वरच्या अवशेषांस ‘असेनोवा क्रेपोस्त’ हे निराळे नाव पडले. लेख मिटविणाऱ्यांना ग्रीकांचा उल्लेख दिसला नाही. नाव देणाऱ्यांनीही त्यातील राजा तेवढा उचलला, दोन समाजांची जोडी मात्र तेथेच राहू दिली. ती जोडी आता खडकावर नाही, नगराच्या नावातही नाही. तिचे स्मरण केवळ नकलेच्या कागदात उरले आहे.