रक्तगट आणि 'बॉम्बे' गटाची सावधानता



रक्तदान हे श्रेष्ठ दान होय. परंतु ते घेणाऱ्याच्या देहास मानवले पाहिजे. 1901 साली कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचे भेद प्रसिद्ध केले. विजोड रक्त चढविल्यास रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे दात्याच्या लाल पेशी फोडतात. थंडीताप, कंबरदुखी, लालसर लघवी ही त्याची लक्षणे होत. मूत्रपिंडे निकामी होऊन प्राणही जाऊ शकतो.

'ओ निगेटिव्ह' रक्त सर्वांना चालते, असा समज रूढ आहे. त्यास अपवाद मुंबईतच सापडला. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी 1952 साली 'लॅन्सेट' नियतकालिकात त्याची नोंद केली. हाच 'बॉम्बे' रक्तगट. 'ओ' गटाच्या पेशींवर असणारा 'एच' हा घटकही या व्यक्तींत नसतो. केवळ पेशी तपासल्यास त्या 'ओ' गटाच्या भासतात, पण 'ओ' रक्त त्यांस घातक ठरते. त्यांना 'बॉम्बे' गटाचेच रक्त लागते. भारतात असे लोक सुमारे 10,000 मध्ये 1 आढळतात. हा गट आनुवंशिक असल्याने सख्ख्या भावंडांची तपासणी अगत्याने करावी.

रुग्णाच्या रक्तद्रवाची 'ओ' पेशींशी तपासणी व क्रॉसमॅच केल्यास हा भेद उघड होतो. यास्तव रक्तपेढीत थोडा विलंब झाल्यास नातेवाइकांनी घाई वा वाद करू नये. तो वेळ रुग्णाच्या रक्षणासाठीच असतो, हे आम्ही नम्रपणे निवेदन करतो.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ, गोडादरा, सुरत